खदानीवरची हिरवळ: आधी निकष, मग रोप, मग मोजणी

ग्वाल्हेरजवळच्या घाटीगावकडच्या फर्शीच्या आणि बिलौआच्या गिट्टीच्या खदानींचे हिरवळीचे अहवाल वाचायची वेळ माझ्यावर वारंवार येते. चूक बहुतेक तीच असते. रोपं आधी लावलेली असतात, मग ती मोजलेली असतात, आणि सगळं झाल्यावर कुणीतरी विचारतं की यात पास कशाला म्हणायचं? मग जे हाती आलंय त्यालाच निकष म्हणून लिहून टाकलं जातं. ‘दोन हजार रोपं लावली’ हा खर्चाचा हिशेब झाला. जमीन सुधारली की नाही, ते त्यातून कळत नाही.

हा लेख लहान पट्टेदारांसाठी, म्हणजे खदानीची लीज ज्यांच्या नावावर आहे त्यांच्यासाठी आहे, त्यांचे अहवाल लिहिणाऱ्यांसाठी आहे आणि वनस्पतिशास्त्राच्या प्रबंधासाठी खदान निवडणाऱ्या मुलामुलींसाठी आहे. उदाहरणं ग्वाल्हेरच्या आसपासची घेतली आहेत. इंदूरच्या काळ्या दगडावर किंवा वडोदऱ्याकडे झाडांची नावं बदलतील, क्रम हाच राहील.

कायद्याचं एवढंच लक्षात ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२० रोजी सांगितलं की खाणकाम संपल्यावर पट्टेदाराने खाणीची आणि खाणकामामुळे बिघडलेली इतर जमीन पुन्हा गवताखाली आणावी, आणि चारा, वनस्पती व प्राणी यांच्या वाढीला ती योग्य करावी. पर्यावरण मंत्रालयाने १६ जानेवारी २०२० च्या पत्राने ही अट पर्यावरण मंजुरीत घालायला लावली. म्हणजे आदेशात गवत आणि चारा आहे, आणि आपले अहवाल मात्र फक्त झाडं मोजतात.

## १. जमीन पुढे कशाला वापरायची ते लिहून घ्या

खदान संपल्यावर तिथे गुरं चरणार, मिश्र जंगल उभं राहणार की खड्ड्यातलं पाणी राखून फक्त काठ हिरवा करायचा? या प्रश्नाच्या उत्तरावर पुढचं सगळं ठरतं. चराईच्या जमिनीवर गवताचं आच्छादन आणि वाळलेला चारा मोजायचा. जंगलासाठी जिवंत झाडांची दाटी आणि जातींची विविधता पाहायची. पाण्याच्या काठावर धूप थांबली का, हे सगळ्यात आधी.

खसरा नंबर (जमिनीचा सर्व्हे क्रमांक) घेऊन जमीन वनखात्याची, महसुलाची की खासगी ते पटवाऱ्याकडून, म्हणजे इथल्या तलाठ्याकडून, पाहून घ्या. ज्या गावाची गुरं तिथे येणार आहेत त्या पंचायतीशी बोला आणि जे ठरेल त्याची तारखेसकट नोंद करा. पाच वर्षांनी सरपंच बदललेला असतो, कागद मात्र राहतो.

थांबा: हद्दीवर धूळ अडवायला लावलेला हरित पट्टा वेगळा आणि खोदलेल्या जमिनीचं पुनर्वसन वेगळं. रस्त्याकडेची कडुनिंबाची रांग पुनर्वसनाच्या आकड्यात धरू नका. ही बेरीज मी इतक्या अहवालांत पाहिली आहे की आता वाचायला तिथूनच सुरुवात करते.

## २. खदानीचे तुकडे पाडा

संपूर्ण लीज म्हणजे एकच जमीन नव्हे. मलब्याच्या डंपचा उतार, डंपचा सपाट माथा, खड्ड्यातल्या बेंच (खोदताना सोडलेल्या पायऱ्या), भरून काढलेला भाग, जुना वाहतुकीचा रस्ता आणि पाण्याचा काठ, हे सगळे निरनिराळे तुकडे आहेत. प्रत्येकाची माती वेगळी, ओल वेगळी, ऊन वेगळं. यांची एकत्र सरासरी काढली की भरलेल्या भागातलं चांगलं गवत डंपचा उघडा उतार झाकून टाकतं.

नकाशावर प्रत्येक तुकड्याला अक्षर द्या आणि क्षेत्रफळ लिहा. लोखंडी सळईने मातीची खोली किमान दहा ठिकाणी पाहा. आपल्याकडच्या वालुकाश्मावर मूळची मातीच कितीशी असते! कित्येक ठिकाणी वीतभरही नाही. म्हणून खणण्याआधी काढलेली वरची माती वेगळी, बुटक्या ढिगात ठेवलेली असायला हवी आणि शक्य तितक्या लवकर परत पसरायला हवी. गवताचं बरंचसं बी त्याच मातीत असतं. जितकी वर्षं ढीग पडून राहील तितकं ते मरत जातं.

तपासा: डंपचा एकूण उतार किती? मंजुरीच्या अटींत बहुधा २८ अंशांची मर्यादा असते. उतार त्याहून उभा असेल तर आधी यंत्र लावून तो उतरवा. घसरणाऱ्या मलब्यावर निकष लिहिण्यात अर्थ नाही.

## ३. तुलनेची जागा निवडा

सगळ्यात जास्त चुका या टप्प्यावर होतात, म्हणून इथे थोडं थांबते.

खोदण्यापूर्वी तुमच्या जमिनीवर काय होतं याची पाहणी झालेली असेल तर उत्तम. लहान लीजवर ती बहुधा नसते. मग शेजारची न खोदलेली जमीन तुलनेला घ्यावी लागते. ती निवडताना चार गोष्टी जुळवा: दगड तोच, मातीची खोली साधारण तेवढीच, उतार आणि त्याची दिशा तीच, आणि वापर तोच. तुमची जमीन चराईला जाणार असेल तर तुलनेची जागासुद्धा बेताने चरलेली असावी.

लोक दोन टोकांना जातात. काहीजण नाल्याकाठचा दाट, ओलसर तुकडा घेतात, आणि मग डंपने त्याची बरोबरी करावी असा अशक्य निकष तयार होतो. काहीजण मुद्दाम क्रशरशेजारची, गिट्टीच्या भुकटीने पांढरी पडलेली, गुरांनी ओरबाडलेली जमीन घेतात, म्हणजे कशाही डंपवर पास होता यावं. दुसरी चूक पहिलीपेक्षा वाईट, कारण ती जाणूनबुजून केलेली असते आणि पकडणं कठीण असतं. तुलनेच्या जागेचे फोटो, अक्षांश-रेखांश आणि क्रशरपासूनचं अंतर अहवालात देणं म्हणूनच भाग आहे.

एकच जागा घेऊ नका, निदान दोन घ्या. दोन्हींच्या आकड्यांत फार तफावत आली तर तुमची निवड चुकली आहे, किंवा तो प्रदेशच तुम्ही समजता तितका एकसारखा नाही. दोन्ही गोष्टी वेळेवर कळलेल्या बऱ्या.

ज्याची जमीन आहे त्याची परवानगी घ्या. जागा वनखात्याची असेल तर बीट गार्डला भेटल्याशिवाय खुंटी ठोकू नका.

तपासा: पुढची पाच-सात वर्षं ही जागा तशीच राहील का? दुसऱ्याच वर्षी तिथे नवी लीज सुटली तर तुमची मोजपट्टीच गेली.

## ४. महिना ठरवा

माझी पहिली पाहणी मी मे महिन्यात केली होती. ऊन पंचेचाळीसच्या आसपास, करधई या इथल्या जंगली झाडाची पानं गळलेली, गवताचे नुसते खुंट. कागदावर सर्वांत हिरवी दिसली ती वेडी बाभूळ. त्या आकड्यांवरून आम्ही निकष लिहिला आणि पुढच्या ऑक्टोबरात उघड्या डंपवरचा टाकळा तुलनेच्या जंगलापेक्षा ‘सरस’ निघाला. दोन वर्षांचं काम फेकून द्यावं लागलं.

आपल्याकडे गवत आणि लहान झाडोरा मोजायची वेळ म्हणजे साधारण १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. तेव्हा गवताला तुरे आलेले असतात, त्यामुळे जात ओळखता येते, आणि गावची कापणी अजून झालेली नसते. झाडांची जगण्याची मोजणी मात्र वर्षातून दोनदा करा: पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात, आणि उन्हाळ्याचा मार सोसल्यावर जूनच्या सुरुवातीला. खरा निकाल जूनचा.

तुलनेची जागा आणि खदान दोन्ही एकाच पंधरवड्यात मोजा. एक सप्टेंबरात आणि दुसरी नोव्हेंबरात मोजली तर ती तुलना नव्हे.

## ५. नावं पक्की करा

खदानीवर काम करणाऱ्या सहरिया आदिवासी बायकांना तिथलं प्रत्येक झुडूप ठाऊक असतं. त्यांच्यापैकी एकीला दिवसाची पूर्ण मजुरी देऊन बरोबर घ्या, कारण ओळख हे त्यांचं ज्ञान आहे. नावं मात्र तीन पदरी लिहा: इथलं, मराठी आणि शास्त्रीय.

हे का, ते उदाहरणाने सांगते. आपण मराठीत धावडा म्हणतो तो ॲनोजिसस लॅटिफोलिया. ग्वाल्हेर-शिवपुरीच्या खडकाळ जंगलात राज्य करते ती करधई, म्हणजे ॲनोजिसस पेंड्युला. तिची पानं लहान, फांद्या खाली झुकलेल्या. मराठी घरातल्या विद्यार्थ्याने करधईला ‘धावडा’ लिहिलं की पुढे रोपवाटिकेतून भलतंच झाड येतं. रेमजा म्हणजे आपला हिवर, छेवला म्हणजे पळस, पमार म्हणजे टाकळा. ‘अंजन’ म्हटलं की महाराष्ट्रात माणसं झाडाकडे बघतात, इथे अंजन घास म्हणजे सेंक्रस सिलिॲरिस हे चाऱ्याचं गवत.

ओळख पटली नाही तर फुलातुऱ्यासकट फांदी वर्तमानपत्रात दाबा, क्रमांक द्या आणि जीवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात दाखवा. अंदाजाने नाव लिहू नका. ‘अनोळखी गवत ३’ हे लिहिणं चुकीच्या नावापेक्षा शंभरपटीने चांगलं.

यादी झाली की प्रत्येक जातीपुढे तीन खुणा करा: बारमाही की हंगामी, देशी की बाहेरची, गुरं खातात की नाही. या तीन रकान्यांशिवाय पुढचा निकष लिहिताच येणार नाही.

## ६. मोजायच्या जागा चिठ्ठीने काढा

चालता चालता ‘इथे बरं दिसतंय’ म्हणून चौकट (ज्याच्या आतलं सगळं मोजायचं तो चौरस) टाकणं ही मनुष्याची सवय आहे, आणि तीच पाहणीचा घात करते. नकाशावर जाळी आखा, प्रत्येक तुकड्यातल्या चौकोनांना क्रमांक द्या आणि चिठ्ठ्या टाकून ठिकाणं काढा. प्रत्येक तुकड्यात पंधरा ठिकाणांपासून सुरुवात करा. हद्दीपासून पाच-दहा मीटर आत राहा, कारण कडेला शेजारच्या जमिनीची छाया पडते.

मोबाइलचं जीपीएस पाच-दहा मीटर इकडेतिकडे दाखवतं आणि तेवढ्यात पाय आपोआप हिरव्या भागाकडे वळतात. म्हणून पोहोचल्यावर त्याच दिशेने आणखी दहा पावलं डोळे न फिरवता चाला आणि तिथे खुंटी ठोका. खडक लागला तर खडकावरच मोजा. खडक हाही आकडा आहे.

चौकटींची मापं नेहमीची: गवत आणि लहान झाडोऱ्यासाठी १ × १ मीटर, झुडपांसाठी ५ × ५, झाडांसाठी १० × १०. एक मीटरची चौकट पीव्हीसी पाइपची करा, पण एक बाजू उघडी ठेवा, नाहीतर ती झुडपाच्या बुंध्यात सरकवता येत नाही.

थांबा: उतारावर टेप उताराबरोबर पडतो आणि हेक्टर मात्र सपाट मोजला जातो. २८ अंशांच्या उतारावर वरपासून खालपर्यंत १० मीटर मोजले तर सपाटीवर ते ८.८३ मीटरच भरतात. म्हणजे तुमची १०० चौरस मीटरची चौकट प्रत्यक्षात ८८ चौरस मीटरची आहे आणि झाडांची दाटी जवळपास १२ टक्क्यांनी कमी लिहिली जाते. उताराच्या दिशेला टेप ११.३ मीटर सोडा, हिशेब जुळतो.

## ७. प्रत्यक्ष मोजणी, याच क्रमाने

सकाळी लवकर निघा. सुरुंगाची वेळ आधी विचारा. डोक्यावर हेल्मेट, क्रशर चालू असेल तर चांगला मास्क, आणि पाणी भरलेल्या खड्ड्याच्या ओठावर एकट्याने जायचं नाही. सिलिकाची धूळ फुप्फुसात बसली की ती निघत नाही. इथल्या मजुरांच्या घरी हे सांगावं लागत नाही.

अ) सगळ्यात आधी फोटो. लोखंडी खुंटीवरून, छातीच्या उंचीवरून, चारही दिशांना. पुढच्या वर्षी त्याच खुंटीवरून, त्याच आठवड्यात.

आ) मग रेघ. ५० मीटरचा टेप ताणून पसरवा आणि दर अर्ध्या मीटरला बारीक सळई सरळ खाली सोडा. पहिला बिंदू अर्ध्या मीटरवर घेतला तर एका रेघेवर बरोबर १०० बिंदू होतात. सळईला वरून पहिलं काय लागलं ते लिहा: कोणत्या जातीचं पान, पालापाचोळा, खडक की उघडी माती. ४३ बिंदूंवर जिवंत पान लागलं तर आच्छादन ४३ टक्के. डोळ्याच्या अंदाजापेक्षा ही पद्धत मला जास्त विश्वासाची वाटते, कारण दोन माणसांचे डोळे जुळत नाहीत, सळई जुळते. वारा असेल तर थांबा.

इ) त्यानंतर चौकटी. टेपच्या डाव्या बाजूने चालायचं आणि चौकटी उजवीकडे टाकायच्या. हा नियम सुरुवातीलाच पाळला नाही तर आपल्याच चपलांनी तुडवलेलं गवत आपण मोजतो.

ई) चारा कापणं शेवटी. कारण सरळ आहे, कापलं की मोजायला काही उरत नाही. १ चौरस मीटरमधलं गवत जमिनीपासून ठरावीक उंचीवर कापा, खाण्याजोगं आणि न खाण्याजोगं वेगळं करा, पिशवीवर क्रमांक लिहा. भट्टीत ६५ ते ७० अंशांवर, दोन वजनं सारखी येईपर्यंत वाळवा. ओल्या गवताचं वजन निकषात चालत नाही. सकाळच्या दवाने ते फुगतं.

उ) झाडांच्या चौकटीत प्रत्येक रोपाची जात, उंची आणि लावल्याचं वर्ष. लीज दोन हेक्टरांची असेल तर चौकटी कशाला, सगळी रोपं मोजा. वर्षागणिक निराळ्या रंगाचा पत्र्याचा बिल्ला बांधा. मेलेल्याच्या जागी लावलेलं नवं रोप जुन्याच्या वयाचं म्हणून मोजायचं नाही.

तपासा: संध्याकाळी घरी जाण्याआधी प्रत्येक रेघेची बेरीज १०० होते का? नसेल तर चूक आजच सापडेल, आठवड्याने नाही. दहातली एक रेघ दुसऱ्या माणसाकडून पुन्हा मोजून घ्या.

## ८. नमुने पुरले का ते पाहा

‘आम्ही पंधरा चौकटी घेतल्या’ यातले पंधरा पुरेसे आहेत की नाहीत ते जमीन ठरवते. जमीन एकसारखी असेल तर कमी पुरतात, ठिगळाठिगळाची असेल तर जास्त लागतात.

रीत अशी. सरासरी काढा, प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती विखुरलेत त्याचं माप) काढा. संख्याशास्त्रातल्या टी-तक्त्यातून ९० टक्के खात्रीचा एका बाजूचा आकडा घ्या. पंधरा नमुन्यांसाठी तो १.३४५ आहे. टीला प्रमाण विचलनाने गुणा, सरासरीच्या दहाव्या भागाने भागा आणि आलेल्या उत्तराचा वर्ग करा. तेवढे नमुने लागतात.

समजा पंधरा रेघांची सरासरी ४२ टक्के आणि प्रमाण विचलन ११. मग १.३४५ × ११ ÷ ४.२ = ३.५२, त्याचा वर्ग १२.४. म्हणजे १३ नमुने पुरे होते, आपण १५ घेतले, ठीक. आता सरासरी तीच पण विचलन १९ असेल तर उत्तर ३७ च्या जरा वर जातं, म्हणजे ३८ रेघा लागतील. पंधरावर थांबून अहवाल लिहिलात तर ती सरासरी नशिबाची.

विचलन असं फुगलं की मी आधी नकाशाकडे परत जाते. बहुतेक वेळा दोन वेगळे तुकडे एकाच अक्षराखाली आलेले असतात. ते वेगळे केले की दोन्हीकडे नमुने कमी लागतात.

## ९. आता निकष लिहा, रोप लावण्याआधी

तुलनेच्या जागेची मोजणी झाली, आकडे पुरेसे आहेत. निकष या क्षणी लिहायचा. पावसाळी लागवड यानंतरच्या जूनमध्ये.

अमेरिकेच्या कोळसा खाणींच्या नियमांतली एक चौकट उपयोगी पडते. तिथे नवं आच्छादन ठरवलेल्या मापाच्या निदान ९० टक्के भरावं लागतं, आणि मोजणी ९० टक्के खात्रीने करावी लागते. आपल्याकडे ही सक्ती नाही, पण लहान अहवालालासुद्धा ती शिस्त पेलते.

निकष एका आकड्याचा नसावा. आपल्या हवेत तो का फसतो ते टाकळा शिकवतो. सप्टेंबरात उघड्या मलब्यावर टाकळा आणि रानतुळस गुडघाभर वाढतात, आच्छादन ८० टक्के दिसतं, आणि डिसेंबरात तिथे काड्या उरतात. माती पुन्हा उघडी. म्हणून चराईच्या तुकड्यासाठी मी निदान इतक्या ओळी लिहिते. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुमच्या तुलनेच्या जागेतून येतील:

– बारमाही वनस्पतींचं आच्छादन: तुलनेच्या जागेत ४८ टक्के, म्हणून किमान ४३.२ टक्के. हंगामी तण यात धरायचं नाही.

– खाण्याजोगा वाळलेला चारा: तुलनेच्या जागेच्या किमान ९० टक्के.

– जाती: तुलनेच्या जागेतल्या बारमाही गवतांपैकी निदान निम्म्या हजर, आणि कोणतीही एक जात एकूण आच्छादनाच्या अर्ध्याहून जास्त नाही. अंजन घास, मारवेल आणि कुसळी एकत्र वाढू शकतात. नुसतं स्टायलो (चाऱ्याचं एक पीक) पेरून हिरवं केलेलं शेत हे पुनर्वसन नव्हे.

– वेडी बाभूळ, घाणेरी, सुबाभूळ, गाजरगवत: यांचं आच्छादन शून्य धरायचं, आणि त्यांच्यासाठी वरची मर्यादा वेगळी लिहायची.

– धूप: मुठीहून खोल ओघळ नकोत. ही ओळ आकड्यांत बसत नाही, पण पहिला मोठा पाऊस नेमकी हीच तपासतो.

जंगलाच्या तुकड्यावर याच्या जोडीला हेक्टरी जिवंत देशी झाडांची संख्या हवी. ‘लावलेली’ हा शब्द निकषात कुठेही येऊ देऊ नका. अमेरिकी नियमात एक चांगली अट आहे: मोजलेल्या झाडाझुडपांपैकी ८० टक्के झाडं जबाबदारीच्या मुदतीच्या (जमिनीची जबाबदारी खाणवाल्यावर असते त्या वर्षांच्या) ६० टक्के काळ त्या जागेवर उभी असली पाहिजेत. म्हणजे मोजणीच्या आदल्या पावसात ट्रकभर रोपं आणून आकडा भरता येत नाही.

गवताचं बी आणि वाणाची माहिती यासाठी झाशीची भारतीय चरागाह एवं चारा अनुसंधान संस्था शंभरेक किलोमीटरवर आहे. तुलनेच्या जागेतलं बी ऑक्टोबर-नोव्हेंबरात गावकऱ्यांकडून गोळा करवून घेतलंत तर त्याहून छान.

थांबा: निकषाच्या कागदावर तारीख आणि सही घाला आणि प्रत पंचायतीकडे द्या. लागवडीनंतर त्यात बदल करावा लागला तर जुना कागद फाडायचा नाही, कारण लिहून नवा जोडायचा.

## १०. पास-नापास कसं ठरवायचं

आता खरी अडचण. वरच्याच उदाहरणात निकष ४३.२ आणि खदानीच्या पंधरा रेघांची सरासरी ४२, विचलन ११. पास की नापास?

विचलनाला १५ च्या वर्गमुळाने भागा: २.८४. त्याला १.३४५ ने गुणा: ३.८२. म्हणजे खरी सरासरी ३८.२ च्या खाली किंवा ४५.८ च्या वर असण्याची शक्यता प्रत्येक बाजूला दहात एक.

एक पक्ष म्हणतो, वरचं टोक ४५.८ हे ४३.२ च्या पुढे जातं, म्हणजे जमीन निकषाहून खाली आहे असं सिद्ध होत नाही, पास. दुसरा म्हणतो, खालचं टोक ३८.२ आहे, म्हणजे ती निकषाच्या वर आहे असंही सिद्ध होत नाही, नापास. गणित दोघांचंही बरोबर आहे. फरक आहे तो सिद्ध करण्याचा भार कुणावर, यात. आणि पहिल्या रीतीत नमुने जितके कमी आणि गबाळे, तितकं पास होणं सोपं, हे ध्यानात घ्या.

पट्टेदार स्वतःच मोजणी करवत असेल तर दुसरी, कडक रीत वापरावी, असं माझं स्पष्ट मत आहे. जमीन त्याने उघडी केली, ती झाकली गेली हे दाखवायचं कामही त्याचंच. कोणतीही रीत घ्या, पण ती नवव्या टप्प्याच्या कागदावर आधी लिहा. आकडे हातात आल्यावर रीत निवडणं म्हणजे निकाल निवडणं.

## ११. किती वर्षं, आणि जमलं नाही तर

अमेरिकेत वर्षाला २६ इंचांहून, म्हणजे सुमारे ६६० मिलिमीटरहून जास्त पाऊस असेल तिथे जबाबदारीची मुदत पाच वर्षं आहे, त्याहून कमी असेल तिथे दहा. ग्वाल्हेरची सरासरी त्या रेषेच्या वर असली तरी आपला जवळपास सगळा पाऊस तीन महिन्यांत पडून जातो आणि पुढचे नऊ महिने जमीन कोरडी. म्हणून पाच वर्षं ही मी खालची मर्यादा मानते, पुरेशी मुदत नव्हे.

वर्षं शेवटच्या पेरणीपासून, शेवटच्या खतापासून, शेवटच्या टँकरपासून मोजा. टँकरच्या पाण्यावर उभी असलेली करधई जमिनीच्या बळावर उभी आहे असं म्हणता येत नाही. आणि मुदतीच्या शेवटच्या दोन सलग वर्षांत निकष भरला पाहिजे. एकच चांगला पावसाळा पाहून दाखला लिहायचा नाही.

नापास झालं तर घाईने रोपं आणू नका. ज्या रेघा निकषाखाली राहिल्या त्यांच्या जागा नकाशावर लाल करा. त्या एकाच ठिकाणी गोळा होतात का? उतारावर असतील तर माती वाहून गेली आहे, आधी आडवे दगडी बांध घाला. वाटेच्या कडेने असतील तर गुरं आत येतात, कुंपणाचा आणि गुराख्याचा प्रश्न आहे. सगळीकडे विखुरलेल्या असतील तर सळई घेऊन मातीची खोली पुन्हा पाहा. माझ्या पाहण्यातल्या विखुरलेल्या अपयशांत बहुतेक वेळा कारण मातीच निघाली: कागदावर एक फूट पसरलेली, प्रत्यक्षात चार बोटं.

पर्यावरण मंजुरीचे सहामाही अहवाल १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचे असतात. ऑक्टोबरची मोजणी डिसेंबरच्या अहवालात सहज बसते. जूनच्या पहिल्या आठवड्यातली जगण्याची मोजणी मात्र १ जूनच्या अहवालात येऊ शकत नाही, म्हणून ती डिसेंबरच्या अहवालात ऑक्टोबरच्या शेजारी, वेगळ्या रकान्यात द्या. सोबत मूळ तक्ते जोडा, सरासऱ्या नुसत्या नकोत. रेघ क्रमांक, तारीख, मोजणाऱ्याचं नाव, शंभर बिंदू आणि खुंटीवरून काढलेला फोटो.

खुंट्या मात्र दर पावसाळ्याआधी जाऊन पाहा. लोखंड चोरीला जातं. प्रत्येक खुंटीशेजारी एक मोठा दगड अर्धा पुरून त्यावर रंगाने क्रमांक घाला आणि खुंटीपासून त्याचं अंतर तक्त्यात लिहून ठेवा.